हरणारा वकील पाहिजे

१

कमलेश सोनकुसरे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठलाच नाही. पवनीच्या विणकर आळीतलं ते घर. आई गिरजाबाई चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेली, दोनदा हाक मारली, मग कपाळाला हात लावला आणि कपबशी तिच्या हातून पडली.

शेजारी जमले, बांबू आले, तिरडी बांधायला घेतली. त्या रडारडीत कुणी बोललं नाही की मेलेल्या माणसाचे ओठ आणि नखं निळी पडली आहेत. बोलली ती त्याची बायको. दामिनी धान चुरायला, मळणीला, माहेरी एकोडीला गेली होती. निरोप मिळताच निघाली, दुपारी पोचली, नवऱ्याच्या तोंडावरचं कापड बाजूला केलं आणि तिरडीसमोर उभी राहिली.

"हे साधं मरन नाई," ती म्हणाली. "पोलीस आल्याबिगर कोनं हात लावाचा नाई."

नागपूरच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. पोटात उपासाची भगर आणि भगरीत रंगाचा खार. सुतावर रंग पक्का बसावा म्हणून विणकर तो रंगाच्या पाण्यात घालतात. पांढरट, चवीला खारट आणि जहर. त्या घरात रंगकाम एकच माणूस करायचा, कमलेशचा धाकटा भाऊ कुंदन. कमलेशला दोन्ही माग विकून बसस्टँडवर दुकान टाकायचं होतं. त्यावरून भर चौकात भांडण झालं होतं आणि 'माग विकला तं तुले जिता सोडत नाई' हे कुंदनचे शब्द साऱ्या आळीनं ऐकले होते. त्यात समोरच्या किराणा दुकानवाल्या रंभाबाईनं सांगितलं की कमलेश गेला त्या सकाळी, रडणं ऐकून ती धावत गेली तेव्हा, कुंदन परसातल्या विहिरीवर एक बरणी घासत होता.

पोलिसांना आणखी काय हवं? कुंदनला उचललं. विचारलं, दरडावलं, आणखीही काही केलं असेल. तो हो म्हणाला नाही, की नाही म्हणाला नाही.

२

मी विमला भुरे. भंडाऱ्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा फौजदारीतली दोन मोठी नावं नव्या कोर्टाकडे निघून गेली. उरलेल्यांत लोक माझं नाव घेतात. वासरात लंगडी गाय शहाणी, असं बाररूममधले मित्र म्हणतात. मी त्यांच्या चहाचे पैसे देणं बंद केलं आहे.

गिरजाबाई माझ्याकडे आली ती वकील शोधत नाही, निवडून आली. कुंदनला अटक झाल्यापासून ती रोज पवनीहून बसनं यायची, सेशन कोर्टाच्या मागच्या बाकावर बसायची आणि संध्याकाळी परत जायची. मी तिला पाहिलं होतं. एखाद्या साक्षीदाराची आई असेल असं समजले होते.

"डोऱ्यात मोतीबिंदू पिकले," ती म्हणाली. "वकील पायता येत नाई, आयकता येते. तं आयकत होती."

मी म्हटलं, मग माझी उलटतपासणी ऐकून आलात तर! माझी छाती जरा फुगलीच होती.

"ते तं सारेच जोरानं बोलतात. पातळ घेताना मी उलटी बाजू पायतो, वकीलबाई. परवा तुमचा मानूस हारला. वऱ्हांड्यात त्याच्या बायकोपाशी तुमी बसून होत्या. ते मी आयकलं."

फुगलेली छाती जागेवर आली. हरलेल्या दिवशी कुणी आपल्याला निवडतं हे मला ठाऊक नव्हतं. आम्ही वकीलपत्र तयार केलं आणि कुंदनच्या सहीसाठी तुरुंगात पाठवलं.

ते कोरं परत आलं. सोबत तुरुंगाच्या शिपायानं तोंडी निरोप आणला: माझा वकील मी पाहिला आहे, भय्याजी वकील.

भय्याजी कोर्टाच्या आवारात टेबल टाकून प्रतिज्ञापत्रं करून देतात. भला माणूस. पण खुनाच्या खटल्यात त्यांना उभं राहिलेलं कुणी पाहिलेलं नाही आणि चुकून फौजदारी काम आलंच, तर त्यांचा सल्ला ठरलेला: कबूल करून टाक बाप्पा, साहेब दया करतील. आजवर मला अशिलांनी फसवलं, बुडवलं, शिव्याही दिल्या; पण भय्याजींपायी कुणी नाकारलं नव्हतं. मला राग आला. गिरजाबाई मात्र माझ्यासमोर बसून हळूच रडू लागली आणि मग राग धरून ठेवणं जमेना.

३

तुरुंगात कुंदन माझ्यासमोर येऊन बसला. सडपातळ, पंचविशीचा, विणकराचे लांब हात मांडीवर ठेवलेले. मी त्याला खटल्यातली भोकं दाखवली. पोलिसांनी भगरीचं पातेलं जप्त केलं नाही, ताट नाही, ती घासलेली बरणीसुद्धा नाही. खार आळीतल्या दर घरात सापडेल. मी त्याला म्हटलं, यातून सोडवणं अवघड नाही.

तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उतरत गेला. सुटकेची गोष्ट ऐकून उतरणारा चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होते.

"तुमी हुशार आहा मॅडम," तो म्हणाला. "मनूनच नको."

मी तडक भय्याजींच्या टेबलाशी गेले. बिचारे ओशाळले. म्हणाले, विमलाताई, मला तरी कुठं हे लोढणं हवं आहे? मी त्याला तुमचंच नाव सांगितलं. तो ऐकेना. त्याला माझ्याकडून एकच गोष्ट पक्की करून हवी होती.

"काय?"

"गुन्हा कबूल केला तर साक्षी होत नाहीत ना, घरच्या माणसाला पिंजऱ्यात उभं करत नाहीत ना. दोनदा विचारलं त्यानं."

मी घरी येऊन विचार करत बसले. हरायला निघालेला माणूस दोन तऱ्हांचा असतो. एक, ज्यानं केलं आहे आणि ज्याला आता पस्तावा होतो आहे. पण असा माणूस पोलिसांपुढेच घडाघडा बोलतो. कुंदन बोलला नव्हता. कारण कबूल करणाऱ्याला कसं केलं तेही सांगावं लागतं, आणि ते सांगायला तो तयार नव्हता. राहिला दुसरा, जो कुणाला तरी पाठीशी घालतो आहे.

मग कुणाला? त्या घराशी संबंध येणारी माणसं मोजकी होती. त्यांतलं एक कुंदनच्या जिवापेक्षा मोठं होतं.

४

आधी मी भैय्यालाल सेठकडे गेले. हा पवनीचा व्यापारी. विणकरांना सूत आणि रेशीम द्यायचं, तयार साड्या उचलायच्या हा धंदा. एकादशीच्या संध्याकाळी तो सोनकुसऱ्यांच्या घरी बसला होता आणि कमलेशशी त्याची बाचाबाची झाली होती. वर कुंदनसाठी नागपूरचा मोठा वकील करून देतो असं त्यानं गिरजाबाईला सांगितलं होतं. इतकी माया कशाला? मला संशय आला.

सेठनं काही लपवलं नाही. करवत काठाची साडी विणणारे हात पवनीत थोडे उरले आहेत आणि कुंदनसारखा त्यांत कुणी नाही. कमलेश माग विकायला निघाला म्हणून भांडलो, म्हणाला, आणि पोरगा आत गेला तर माझा धंदा अर्धा झाला. त्याची माया त्याच्या दुकानापुरती होती, पण खरी होती. विष घालून त्याला काही मिळणार नव्हतं. कमलेश मेला आणि दोन्ही माग बंद पडले, हेच काय ते त्याच्या पदरात पडलं.

मग एकोडी. खोटं कशाला बोलू, दीर-भावजयीबद्दल जो विचार पोलिसांच्या मनात आला तोच माझ्याही आला होता. दामिनी अंगणात सुपानं धान पाखडत होती. मी कोण हे कळल्यावर तिनं मला बस म्हटलं नाही. मी आडून विचारलं, ते तिला लगेच कळलं.

"त्यानं कधी मान वर करून माह्याकडं पायलं नाई," ती म्हणाली. "वाईट होता असं मी मनत नाई. पन माहा मानूस मेला. दुसरं कोन घालन तो खार?"

तिचं म्हणणं सरळ होतं. कमलेशनं तुळशीची माळ घातल्यापासून घरात एकादशी तो एकटाच धरायचा. सासूनं साखरेच्या दुखण्यामुळं उपास सोडले होते, कुंदन कधी करतच नव्हता. एकादशीला कमलेशचं सारं वेगळं. भांडं वेगळं, मीठसुद्धा वेगळं. भगर झाली की सासू आधी ताट देवापुढं ठेवायची. नैवेद्याच्या आधी ती जेवण कधी चाखत नसे. तेच ताट मग कमलेश जेवायचा. ताट देवापुढं होतं आणि सासू पाणी आणायला गेली होती, तेवढ्यात कुंदननं डाव साधला.

"मी घरी असती तं भगर मीच केली असती," दामिनी म्हणाली आणि सूप खाली ठेवलं. "भाऊ मनला, दोन दिवस ये, धान चुराचं आहे. मी कायले आली बाई इथं?"

मी निघाले. बसमध्ये बसल्यावर तिचं बोलणं पुन्हा आठवत होते, तेव्हा एक साधी गोष्ट मला टोचू लागली. ताटात विष कालवायचं तर बरणी कशाला घासायची?

५

गिरजाबाईनं मला स्वैपाकघर दाखवलं. भिंतीला हात लावत चालायची, पण तिथली वस्तू न् वस्तू तिला ठाऊक होती. चुलीच्या वर फडताळ. त्यात एका बाजूला चिनीमातीची लहान बरणी, झाकणावर कापड बांधलेलं. उपासाचं सैंधव त्यात असायचं.

एकादशीच्या दिवशी काय झालं ते मी तिला हळूहळू विचारलं. सैंधव संपलं होतं. सकाळी तिनं कुंदनला सांगितलं, बाजारातून येताना आन. तो आला तेव्हा ती परसात होती. नंतर फडताळात हात घातला तर कागदाची पुडी होती. ती तिनं बरणीत रिकामी केली.

"बरणी भरली का मग?"

"नाई. अर्धी भरली असन."

"त्यानंतर हात लावला तुम्ही बरणीला?"

"कायले लावू?" ती म्हणाली. "आता घरात उपास कोनाचा?"

मी कापड सोडलं, झाकण उघडलं. बरणी काठोकाठ भरली होती. गुलाबी, जाड सैंधव. मी झाकण परत लावलं. ते बरणीवर जरा जोरात वाजलं, तेवढं तिनं ऐकलं असावं.

रस्ता ओलांडून मी रंभाबाईच्या दुकानात गेले. पोलिसांना बरणीची गोष्ट सांगणारी हीच. पोलिसांनी तिला पुढं काही विचारलंच नव्हतं. कुंदननं एकादशीला तुमच्याकडून उपासाचं मीठ नेलं का, असं मी विचारलं.

"एकादशीले नाई," रंभाबाई म्हणाली. "तो आला दुसऱ्या दिवशी. इकडं तिरडी बांधून राहिले होते अना हा दुकानात येऊन सेंदा मीठ मांगे. मी मनलं, भाऊ मेला तं पोराचं डोकं फिरलं. देल्लं बांधून."

मी तिच्या दुकानाच्या पायरीवर बसले. तिनं पाणी दिलं. भावाचं प्रेत घरात असताना उपासाचं मीठ विकत घ्यायला कोण जातं? रस्त्यापलीकडे दारात गिरजाबाई उभी होती, मी अजून गेले नाही हे ऐकून माझी वाट पाहत. मला तिच्याकडे बघवेना.

६

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तुरुंगात गेले. कुंदन माझ्याकडे न पाहता बसला. मी म्हटलं, तू बोलू नकोस, मी सांगते. चुकलं तर थांबव.

"विष कालवणारा माणूस ताट घासतो, पातेलं घासतो. तू ते केलं नाहीस. तू मिठाची बरणी घासलीस. म्हणजे खार ताटात कुणी टाकलाच नव्हता, तो बरणीत होता. बरं, बरणीत तूच घातला असतास तर नंतर ती विहिरीत फेकून दिली असतीस. तू ती घासून पुसून ताज्या मिठानं भरून जागेवर ठेवलीस. पोलिसांपासून लपवायचं असतं तर एवढी खटपट कुणी करत नाही. तुला ते अशा माणसापासून लपवायचं होतं, जो रोज त्या फडताळात हात घालतो."

तो मांडीवरच्या हातांकडे पाहत राहिला.

"मायनं सांगितलेलं मीठ तू आणलंच नव्हतं. ती पुडी खाराची होती. तिला दिसत नाही. देवाला दाखवल्याशिवाय ती चाखत नाही. तिनं तोच खार भगरीत घातला, आणि तिला अजून ते माहीत नाही."

कुंदननं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पंचविशीचा पोरगा, बसल्या जागी दुमडून रडला. शिपायानं आत डोकावलं. मी त्याला हातानंच परत पाठवलं. माझं अनुमान बरोबर निघालं होतं आणि आयुष्यात कधी नव्हे ते मला वाटलं, चुकलं असतं तर किती बरं झालं असतं.

मग तो बोलला. मागाच्या खोलीत त्या दिवशी सुताला खळ लावणं चाललं होतं, सगळीकडे ओल. खार ओल धरतो, म्हणून त्यानं पुडी चुलीवरच्या कोरड्या फडताळात ठेवली. मीठ आणायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. सकाळी भावाची निळी नखं पाहिली आणि फडताळाकडे धावला. पुडी नव्हती.

"माग विकाचा मनून मी त्याले काय काय बोललो," कुंदन म्हणाला. "अना मारलं मीच. पुडी मीच ठेवली."

"मग कोर्टात हेच सांग. अपघात आहे हा. कुणीच गुन्हेगार नाही."

"माय?" त्यानं विचारलं. "तिनं त्याले आपल्या हातानं वाढलं मॅडम. अजून घे मनून दुसऱ्यांदा वाढलं. तिले हे कळलं तं ते जगन का? मी जेलात राहिलो तं ते भेटाले येईन, रडन, मले सोडवाले धावन. पन जगन."

मी त्याला समजावलं, रागावले, शेवटी हात जोडले. तो एका अटीवर वकीलपत्रावर सही करायला तयार झाला. त्या बरणीचा आणि मिठाचा शब्दही मी कोर्टात काढायचा नाही. मी अट मान्य केली. निर्दोष अशिलाला त्याची खरी बाजू न सांगता सोडवायचं, असं काम याआधी मला कुणी दिलं नव्हतं.

७

खटला उभा राहायच्या आधी गिरजाबाई माझ्या ऑफिसात आली. नेहमीसारखी बाकावर न बसता उभीच राहिली.

"तुमी गेल्यावर मी बरनीत हात घातला," ती म्हणाली.

मी खुर्चीतून उठले.

"पुरी भरली होती. मी तं अर्धी भरली होती. अना मीठ जाडं लागलं बोटाले. त्या दिवशीचं बारीक होतं." ती थांबली. "बारीक होतं अना हाताले ओलसर लागलं. मी मनलं, हवेनं असन."

मी तिला धरून बसवलं. खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही आणि ते बरंच झालं, कारण तिनं लगेच ओळखलं असतं. ती रडली नाही. सगळं रडणं आधीच होऊन गेलं होतं किंवा ते पुढं कधी येणार होतं, मला माहीत नाही. कमलेशला लहानपणी भगर आवडायची नाही, दूध घालून द्यावी लागायची, असं काहीतरी ती सांगत राहिली.

मग म्हणाली, "मी जजसाहेबाले सांगतो. लेकरू कायले आत राहीन?"

मी म्हटलं, सांगितलंत तर तो सुटेल. पण तो गप्प राहिला तो कशासाठी, तेही तुम्हाला कळायला हवं. मग कुंदनचं बोलणं मी तिला जसंच्या तसं सांगितलं. वकिलानं अशिलाचं बोलणं बाहेर सांगायचं नसतं. मी सांगितलं.

बाहेर कुणीतरी पुकारा करत होतं.

"त्याले वाटते का मले ठाऊक नाई?"

"हो."

"याच एका गोष्टीसाठी बसला ना तो तिथं?"

"हो, मावशी."

"मंग तेवढं तरी त्याचं राहू द्या," गिरजाबाई म्हणाली. "तुमी त्याले सोडवा. नाई सुटला तं मी उभी राहून सारं बोलीन, मंग मी तुमचं आयकनार नाई. पन सुटला तं मले ठाऊक आहे हे त्याले कधी सांगाचं नाई. तुमी जित्या असेतो नाई."

आता माझ्या गळ्यात दोन वचनं होती, एक लेकाचं आणि एक मायचं. आणि हरायची सोय राहिली नव्हती.

८

सरकारी वकिलांचा सारा भर ताटावर होता. ताट देवापुढं, घरात कुंदन, हातात खार. बरणी घासण्याचा अर्थ त्यांनी पुरावा नष्ट करणं एवढाच लावला होता. त्याच्या पुढं ते गेले नाहीत, आणि ते पुढं जाऊ नयेत म्हणून रोज सकाळी मी देवाला हात जोडत होते.

गिरजाबाईची साक्ष झाली. मीठ कोणतं घातलं? उपासाचं, बरणीतलं, तिनं सांगितलं. पिंजऱ्यातल्या कुंदननं कठडा इतका घट्ट धरला की मला वाटलं, आता सगळ्यांना कळणार. बरणी कुणी भरली, हे सरकारी वकिलांनी विचारलं नाही. माझी पाळी आली. मी एकच विचारलं, ताट देवापुढं होतं तेव्हा घरात आणखी कोण होतं?

"भैय्यालाल सेठ बसले होते," ती म्हणाली.

ते खरं होतं. त्यातून काय निघतं ते मी सांगितलं नाही, न्यायाधीशांचं त्यांना समजलं. भैय्यालाल सेठ त्यानंतर माझ्याशी कधी बोलला नाही आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. बाकी मग पोलिसांच्या तपासाची लक्तरं होती, ती मी एकेक करून वेशीवर टांगली. संशयाचा फायदा देऊन कोर्टानं कुंदनला सोडलं.

बाररूममध्ये पेढे मागणाऱ्यांना टाळून मी बाहेर आले. आवारात दामिनी उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तुमाले ठाऊक आहे कोनं मारलं," ती म्हणाली. "मी तुमच्या तोंडाकडं पायत होती आज. सांगा मले. मी कोनाले सांगनार नाई. माहा मानूस होता तो."

तिच्याइतका हक्क दुसऱ्या कुणाचा होता? मी म्हटलं, मला सांगता येत नाही. तिनं मान हलवली, जणू हेच येणार हे तिला माहीत होतं, आणि गेली. एकोडीत आजही ती कुंदनला खुनी म्हणते, आणि पवनीतसुद्धा अर्धी आळी म्हणते. कुंदन ते ऐकून घेतो.

फाटकाशी पवनीच्या बससाठी मायलेक उभे होते. मी जरा लांबच थांबले. कुंदननं तिच्या डोक्यावरचा पदर सारखा केला. ती त्याच्या छातीवरून, खांद्यांवरून हात फिरवून पाहत होती, किती वाळला ते. मग तिनं तोंड वर केलं आणि मला ऐकू येईल अशा आवाजात म्हणाली:

"बाबू, कोनं केलं असन रे हे?"

कुंदननं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. वळवली असती तर त्याला कळलं असतं.

"कोनाले ठाऊक, माय," तो म्हणाला.

"आपल्या घरचं तं कोनी नाई ना?"

"नाई माय. आपल्या घरचं कोनी नाई."

"मंग ठीक आहे," गिरजाबाई म्हणाली. बस आली, तिनं त्याचा हात धरला आणि चाचपडत पायरी चढली.